रझांचा बिंदू निसर्गचित्रातूनच आला: मुंबईच्या वर्षांबद्दल बोलूया

पाणरंग

नमस्कार मंडळी,

चित्रकार सय्यद हैदर रझा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: मोठा काळा गोल म्हणजे त्यांचा बिंदू, भोवती त्रिकोण, लाल-पिवळ्या पट्ट्या. त्यावर शून्य, बीज, ब्रह्म असं पुष्कळ लिहून झालंय. मला मात्र हा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत निसर्गचित्रकार वाटतो, आणि निसर्गचित्राची त्यांची खरी तालीम मुंबईत झाली असं माझं ठाम मत आहे. मराठीत त्या वर्षांबद्दल फारच कमी बोललं जातं, म्हणून हा धागा.

जन्म २२ फेब्रुवारी १९२२, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील जंगल खात्यात, त्यामुळे लहानपण नर्मदेच्या मुलखातल्या दाट रानात गेलं. १९३९ ते १९४३ नागपूरच्या कला विद्यालयात शिक्षण आणि मग मुंबई. इथे १९४७ पर्यंत जेजे कला विद्यालय, आणि पोटासाठी फोर्टातल्या एक्सप्रेस ब्लॉक स्टुडिओत डिझायनरची नोकरी. कामाची जागा फोर्टात, म्हणून चित्रांचे विषयही तिथलेच. फ्लोरा फाउंटन, व्हीटीचा परिसर, ओले रस्ते, गर्दी. तेव्हा तिथे हुतात्मा स्मारक नव्हतं, ट्राम धावत होत्या. रझांनी पावसातलं फ्लोरा फाउंटन रंगवलंय ते पाहा. कारंज्याचा दगड, इमारती, माणसं असं काही वेगवेगळं उरतच नाही, सगळं एकाच ओल्या उजेडात मिसळलेलं आहे.

त्याच सुमाराला तीन परदेशी माणसं त्यांच्या आयुष्यात आली. हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आलेली. वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियाचे कलादिग्दर्शक होते, स्वतः चित्रकार, व्हिएन्नाचे. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमायचे. रूडी फॉन लायडन टाइम्समध्ये कलासमीक्षा लिहायचे, त्यांनी रझांची जलरंगातली कामं अगदी सुरुवातीला हेरली. एमान्युएल श्लेसिंगर संग्राहक होते, चित्रं विकत घ्यायचे. या घरांमध्ये युरोपातल्या चित्रांची पुस्तकं आणि रंगीत छापील प्रती पाहायला मिळत. फ्रेंच चित्रकार सेझानचं मूळ काम मुंबईत कुठून दिसणार! लँगहॅमर यांचा रंग जाड, तापलेला, ऑस्ट्रियन चित्रकार कोकोश्काच्या वळणाचा. रझांच्या १९४५ नंतरच्या कामांत तो सरळ उतरलेला दिसतो.

१९४६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सालोंमध्ये (प्रदर्शनाच्या दालनात) पहिलं एकल प्रदर्शन आणि रौप्यपदक, १९४८ मध्ये सुवर्णपदक. त्याच वर्षी ते काश्मीरला गेले. तिथे छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. त्यांनी चित्रं पाहून सांगितलं की हात चांगला आहे पण बांधणी नाही, चित्र इमारतीसारखं पायापासून उभं राहावं लागतं, सेझानचा अभ्यास कर. १९५० मध्ये रझा फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले.

ही गोष्ट नेहमी अशी सांगितली जाते की कार्तिए-ब्रेसाँ भेटले आणि रझा बदलले. मला ते अपुरं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

वऱ्हाडचा_पाहुणा

धागा वाचून आनंद झाला. फक्त नागपूरवरून एवढ्या भरकन पुढे जाऊ नका दादा! नागपूरच्या कला विद्यालयातून आलेले ते एकटे नव्हते. प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे (१९४७ मध्ये मुंबईत निघालेला तरुण चित्रकारांचा गट) हरी अंबादास गाडे आमच्या अमरावती जिल्ह्यातले, तळेगाव दशासरचे. तेही नागपूरलाच शिकले, आणि तेही मुळात निसर्गचित्रकार. सूझा, आरा, हुसेन, बाक्रे, रझा, गाडे या सहाजणांत निसर्गचित्राचा ध्यास घेतलेले दोघे, आणि दोघेही मध्य प्रांतातून आलेले. हा योगायोग नाही असं माझं मत. आमच्याकडची माती, उन्हाळ्यातली पळसाची झाडं, काळी जमीन आणि तिच्यावरचा पांढराफटक उजेड ज्यांनी लहानपणी पाहिलाय त्यांना रंग समजावून सांगावा लागत नाही.

गाडे यांच्या चित्रांतली घरं पाहा. कोन, उतरती छपरं, एकावर एक चढलेल्या भिंती. रझांनी नंतर फ्रान्समध्ये जे केलं त्याच्याशी शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

---

जुना_जेजेकर

पाणरंग, लेख मनापासून लिहिलाय, पण एका बाबतीत मला विरोध नोंदवायचा आहे.

ही तीन परदेशी माणसं मोठी होतीच, त्यांचं श्रेय कुणी नाकारत नाही. पण ते यायच्या आधी मुंबईत निसर्गचित्र नव्हतं का? आबालाल रहिमान जेजेत शिकून कोल्हापूरला परतले आणि त्यांनी तिथल्या तळ्याकाठी बसून जी निसर्गचित्रं केली ती आजही पाहताना छाती भरून येते. सावंतवाडीहून आलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. पारदर्शक जलरंगावरची त्यांची हुकमत अशी की कागदाचा पांढरा कुठे ठेवायचा हे ब्रश टेकवायच्या आधी ठरलेलं असे. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधलं त्यांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र लोक तैलचित्र समजून पाहतात, ते जलरंगातलं आहे.

रझा मुंबईत आले तेव्हा बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात या परंपरेतली निसर्गचित्रं भिंतीवर होती. स्पॉटवर जाऊन, बैठक मारून, उजेड सरकायच्या आत काम संपवायचं ही शिस्त जेजेच्या आवारात होती. कार्तिए-ब्रेसाँ यांना ज्या हातात कसब दिसलं ते कसब आलं कुठून? आमच्याकडे अजून एक वाईट सवय आहे, प्रोग्रेसिव्ह आले आणि त्यांनी जुनं सगळं मोडलं असं सांगायचं. सूझांच्या बाबतीत ते खरं असेल, रझांच्या बाबतीत नाही.

---

पाणरंग

सर, हळदणकरांचा मुद्दा पूर्ण मान्य, आणि तो इथे आला हे फार बरं झालं. तरी एक फरक दिसतो. हळदणकरांच्या चित्रात उजेड वस्तूवर पडतो. रझांच्या पावसाळी मुंबईत वस्तू उजेडात विरघळते. शिस्त इथली असेल, पण ते धाडस मला लँगहॅमर यांच्या घरातून आलेलं वाटतं.

गाडे यांच्याबद्दल वऱ्हाडचा_पाहुणा यांनी अजून लिहावं.

---

सहज_वाचक

मी चित्रकार नाही, पाहायला आवडतं एवढंच. दोन प्रश्न. एक, या चित्रांखाली गुआश असं लिहिलेलं असतं, ते जलरंगच ना? आणि दोन, मुंबईच्या चित्रांत माणसं आहेत, फ्रान्सच्या चित्रांत एकही माणूस दिसत नाही. असं का?

---

कार्ट्रिज_पेपर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण रोज तेच काम आहे.

गुआशही पाण्यातच कालवतात, पण तो अपारदर्शक असतो. नेहमीच्या जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. उजळ जागा आधीपासून सोडून ठेवायची आणि फिक्याकडून गडदाकडे जायचं. एकदा गडद पडलं की परतीची वाट नाही. गुआश अंगाने भरलेला, वाळल्यावर खडूसारखा मऊ दिसणारा. त्यात गडद रंगावर उजळ रंग चढवता येतो.

आता मुंबईचा जुलै डोळ्यांसमोर आणा. हवेत इतकी ओल की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकला तर वाळतच नाही. दुसरा हात दिला की पहिला सरकतो, दोन रंग एकमेकांत शिरतात आणि चिखल होतो. पारदर्शक जलरंगवाल्यांची पावसाळ्यात फार परीक्षा होते. गुआश कमी पाण्यात, थोडा जाडसर लावता येतो. आणि पावसाळी रस्ता मुळातच गडद असतो, त्यावर दिव्यांचे, गाड्यांचे, डबक्यांचे उजळ फटकारे. म्हणजे गडदावर उजळ! विषय आणि माध्यम इतकं जुळलेलं असताना रझांनी त्या काळात कागदावर एवढं काम केलं याचं मला मुळीच नवल वाटत नाही. पॅरिसला गेल्यावरही पहिली काही वर्षं ते गुआशच वापरत होते, तैलरंग नंतर आला.

ही तांत्रिक बाजू कलासमीक्षेत कधीच येत नाही. प्रभाव म्हटलं की माणसांची नावं घेतात. हवामानाचाही प्रभाव असतो, कागद किती वेळात वाळतो याचाही असतो.

---

जुना_जेजेकर

कार्ट्रिज_पेपर, तुमचा हा प्रतिसाद विद्यार्थ्यांना वाचून दाखवावा असा आहे. पावसाळ्यात बोर्ड स्टोव्हजवळ धरून वॉश वाळवणारे आम्ही, त्यामुळे शब्द न् शब्द पटला.

---

खाडीकाठ

सहज_वाचक यांच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. माणसं कुठे गेली?

धाग्यात १९४७ हे वर्ष ग्रुपसाठी आणि १९४८ पदकासाठी आलं. त्या वर्षांत रझांच्या घरात काय चाललं होतं तेही पाहू. १९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील गेले. फाळणी झाली. भाऊ-बहीण पाकिस्तानात निघून गेले. रझा इथेच राहिले. पुढे साठ वर्षं फ्रान्समध्ये काढली तरी भारताचं नागरिकत्व त्यांनी सोडलं नाही. पंचविशीतला मुलगा, मुंबईत नोकरी करून चित्रं काढणारा, आणि दोन वर्षांत मागे घर म्हणून काही उरलं नाही.

१९४८ मध्ये ते काश्मीरला गेले तेव्हा बारामुल्ला उद्ध्वस्त झालेलं होतं. आदल्या ऑक्टोबरात टोळीवाल्यांनी ते लुटलं, जाळलं होतं. रझांनी त्या पडक्या बारामुल्लाचं चित्र केलंय. आता त्याच्याशेजारी १९५१ चं ओ द कान्य हे चित्र ठेवा. दक्षिण फ्रान्समधलं टेकडीवरचं गाव, एकमेकांना चिकटलेली घरं, आणि माणसांचा पत्ता नाही. त्या काळातल्या त्यांच्या चित्रांत सूर्य काळा आहे, तोही याच ओळीतला. समीक्षक म्हणतात ही भूमिती सेझानकडून आली, इटलीतल्या सिएनाच्या जुन्या चित्रांकडून आली. आली असेल. पण रिकामी घरं रझांनी फ्रान्समध्ये पहिल्यांदा पाहिली नाहीत.

माझ्या आजोबांचे दोन भाऊ तेव्हा कराचीला गेले. घरात त्या विषयावर कुणी बोलायचं नाही. त्यामुळे या चित्रांकडे मी निव्वळ रचना म्हणून पाहू शकत नाही.

---

पाणरंग

खाडीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. बारामुल्ला आणि कान्य ही जोडी मी कधी लावली नव्हती. कार्तिए-ब्रेसाँ यांची भेटही त्याच काश्मीरच्या दौऱ्यातली. म्हणजे बांधणी कर हा सल्ला त्यांना मिळाला तो सगळं ढासळलेलं पाहत असताना. तो सल्ला इतका खोल का रुजला याचं कारण इथे सापडतंय असं वाटतं.

---

तटस्थ

चर्चा सुंदर आहे, पण मूळ दाव्याकडे येऊ. रझा पहिली तीस वर्षं निसर्गचित्रकार होते हे सगळेच मानतात. बिंदूची चित्रं निसर्गचित्रं कशी? बिंदूचा उगम त्यांनी स्वतः सांगितलाय. लहानपणी ककैयाच्या शाळेत लक्ष लागेना, तेव्हा मास्तरांनी भिंतीवर ठिपका काढून त्याकडे बघत बसायला लावलं. पुढे पंचतत्त्वं, जप, ध्यान. हे सगळं आतलं आहे, बाहेरच्या निसर्गाचं नाही. २०२३ मध्ये मुंबईतल्या पुंडोल्सच्या लिलावात त्यांचं १९८९ चं जेस्टेशन ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. ते चित्र पाहून कुणाला झाड-डोंगर आठवत असतील असं वाटत नाही. आपल्याला प्रिय असलेला काळ आहे म्हणून संपूर्ण माणूस त्या काळात बसवायचा, असं तर होत नाही ना?

---

लीयाँहून

तटस्थ यांच्या प्रश्नाला मधल्या पंचवीस वर्षांशिवाय उत्तर देता येणार नाही. मी गेली काही वर्षं फ्रान्समध्ये आहे आणि २०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरला रझांचं मोठं प्रदर्शन भरलं ते पाहून आले. तिथे चित्रं काळानुसार ओळीने लागली होती, त्यामुळे सांगायला सोपं जाईल.

गुआशच्या कोरड्या, रेखीव घरांनंतर एकदम तैलरंग येतो. जाड, सुरीने थापलेला. घरं तीच, चर्च तीच, झाडं तीच, पण कडा सुटायला लागतात. व्हॅन गॉग दिसतो. १९५६ चा प्री द ला क्रितीक हा फ्रेंच समीक्षकांचा मान याच काळातला, आणि फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला तो पहिल्यांदा मिळाला. पुढे १९६२ मध्ये ते अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात पाहुणे शिक्षक म्हणून गेले. तिथे अमेरिकन चित्रकार रॉथकोची चित्रं पाहिली आणि घराची भिंत सुटली. उरला फक्त रंग, त्याचा आडवा-उभा ओघ. पण त्या ओघात क्षितिज शोधलं तर सापडतं.

सत्तरच्या दशकात ते वारंवार भारतात येऊ लागले. राजस्थान, गुजरात. राजपूत लघुचित्रांची चौकट, तिचे लाल-पिवळे काठ आणि आतले कप्पे कॅनव्हासवर आले. आता चित्रांची नावं बघा: ला तेर म्हणजे पृथ्वी, तपोवन, राजस्थान, सौराष्ट्र. आकार ओळखू येईनासे झाल्यावर या माणसाने चित्रांना जमिनीची नावं दिली आहेत. १९७२ चं तपोवन म्हणजे रात्रीचं रान आहे, काळोखात कुठेतरी पेटलेले लाल-पिवळे डाग. मंडल्याच्या जंगलातल्या रात्रींची भीती आणि ओढ याबद्दल रझा आयुष्यभर बोलत राहिले. बिंदू येतो तो तपोवननंतर, सत्तरचं दशक संपता संपता. काळोख आकसत आकसत गोल झाला असं मला त्या दालनात उभं राहून वाटलं.

गोर्बियो या फ्रान्सच्या दक्षिणेतल्या डोंगरावरच्या गावात ते उन्हाळ्यात काम करायचे. पत्नी जनीन माँजिला, त्याही चित्रकार. बिंदूची कितीतरी चित्रं तिथे झाली. डोंगरातल्या गावात बसून कुणी निसर्ग सोडतो का?

---

तटस्थ

चित्रांच्या नावांचा मुद्दा दमदार आहे, तो मानतो. तरी सौराष्ट्रपर्यंत तुमच्याबरोबर येईन, जेस्टेशनपर्यंत नाही. १९९० नंतरची काही चित्रं मला त्याच त्या आकारांची पुनरावृत्ती वाटतात, आणि पुनरावृत्ती निसर्गात नसते.

---

कार्ट्रिज_पेपर

तटस्थ, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. जपाला पुनरावृत्ती लागते, बी पेरायलाही लागते. पण उत्तरकाळातली सगळी चित्रं सारख्या ताकदीची नाहीत हे खरं आहे, ते प्रेमापोटी लपवू नये. ऐंशीच्या दशकातला पृष्ठभाग जवळून पाहिला तर रंगाचे थर दिसतात, ब्रश थांबलेला दिसतो, काळ्याच्या आत निळा आणि तपकिरी दिसतो. नंतरच्या काही कामांत रंग सपाट भरलाय. वय झालं होतं, हात थकला होता. २०१० मध्ये दिल्लीला परतल्यावरही ते रोज काम करत होते, याचं मोल वेगळं आहे.

---

जुना_जेजेकर

एक नोंद राहिली. प्रोग्रेसिव्ह ग्रुपचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवर झालं, आजच्या काळा घोड्याच्या परिसरात. मुल्कराज आनंद यांनी उद्घाटन केलं. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ मध्ये, तोवर सूझा लंडनला आणि रझा पॅरिसला पोचले होते. ज्या शहराने हे चित्रकार घडवले त्या शहराकडे त्यांना देण्यासारखी धड भिंत नव्हती. आज जागा आहेत, पण रझांच्या मुंबईच्या चित्रांचं कायमचं दालन अजूनही कुठे नाही, आणि ते असायला हवं.

---

पहिलं_वर्ष

नमस्कार, मी कला विद्यालयात नुकताच प्रवेश घेतलाय. सगळे प्रतिसाद वाचले. रझांची चित्रं प्रत्यक्ष मुंबईत कुठे पाहता येतील? आणि पावसाळी रस्ता स्पॉटवर करायचा असेल तर सुरुवात कशी करू? मोबाईलवरच्या फोटोवरून केलेलं माझं सगळं काम मेल्यासारखं दिसतं.

---

कार्ट्रिज_पेपर

बाळा, फोटो बंद कर आधी. फोटोत गडद भाग नुसता काळा होतो आणि रझांचं सगळं मर्म गडद भागात आहे.

फोर्टात एखाद्या कमानीखाली कोरडी जागा बघ. सकाळी लवकर जा, नऊनंतर गर्दीत उभं राहता येत नाही. पांढऱ्या कागदावर सुरुवात करू नकोस. घरून कागदावर मध्यम करडा किंवा मातकट रंग देऊन, पूर्ण वाळवून ने. तिथे पोस्टर कलर चालतील, महाग गुआशची गरज नाही. आधी मोठे गडद आकार, इमारतीचा ठोकळा आणि रस्ता, एवढंच. मग डोळे मिचकावून बघ की उजेड नक्की कुठे आहे. पावसात आभाळ आणि रस्त्याचा ओला चमकणारा भाग जवळजवळ एकाच टोनचे असतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उजळ फटकारे सर्वांत शेवटी आणि मोजके. माणसं काढू नकोस, माणसांचे डाग टाक.

---

पाणरंग

पाहण्याबद्दल: काळा घोड्याच्या एनजीएमएमध्ये (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात) प्रोग्रेसिव्हांची प्रदर्शनं अधूनमधून लागतात, चौकशी करत राहा. दुसरी चांगली वाट म्हणजे लिलावगृहांची लिलावाआधीची प्रदर्शनं. ती सगळ्यांना खुली आणि फुकट असतात. विद्यार्थी आत जायला बिचकतात, बिचकू नकोस. खाजगी संग्रहातली चित्रं तिथे हातभर अंतरावरून दिसतात आणि पुन्हा कित्येक वर्षं दिसत नाहीत. १९४०च्या दशकातली कागदावरची छोटी कामं आली असतील तर आधी ती बघ, मोठ्या बिंदूंसमोर गर्दी असतेच.

---

वऱ्हाडचा_पाहुणा

गाडे यांच्यावर वेगळा धागा काढतोय, इथे मावणार नाही. त्यांची घरं आणि रझांची कान्यची घरं शेजारी-शेजारी लावतो. खाडीकाठ आणि तटस्थ, दोघांनीही तिथे यायचं आहे, कारण मला रिकाम्या घरांबद्दल अजून बोलायचंय. गाडे यांच्या घरांतही माणसं नसतात, आणि त्यांना तर कुठे परदेशी जाऊन राहावं लागलं नव्हतं.